फळ्या फुगेपर्यंत

बोटीचं इंजिन हँडलच्या तिसऱ्या फटक्याला सुरू झालं. हिरूने हसून मान वर केली, आणि त्याच वेळी त्याच्या पायाला पाणी लागलं.

हँडल मारताना बोट कलंडली असेल, काठावरून ओंजळभर पाणी आत आलं असेल, असं त्याला आधी वाटलं. त्याने पाय उचलून दुसरीकडे ठेवला. तिथेही पाणीच होतं. बैठकीच्या फळीखालून, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी, जिथे बघावं तिथून सुतासारख्या धारा आत येत होत्या. इंजिन मात्र सुरेख चाललं होतं. इतका एकसारखा ठोका भाताच्या गिरणीतल्या इंजिनानेही त्याला सहा वर्षांत कधी ऐकवला नव्हता. तो ठोका ऐकत हिरू घोटाभर पाण्यात उभा राहिला. इंजिन बंद करावं, की पाणी उपसावं, की सरळ उडी मारावी, त्याला कळेना.

"हिरू, भाईर ये," घाटाच्या पायरीवरून गिरणीच्या मालकीण सोनुबाई म्हणाल्या. आवाजात घाई नव्हती.

गिरणीतल्या चार हमालांनी दोर ओढून बोट काठाला लावली. सोनुबाईंच्या मागे त्यांचे धाकटे दीर बुधाजी छत्री टेकून उभे होते.

"वयनी, बोट नामी हाय," ते म्हणाले. "पानी भाईर ठेवायचं सोडून आत घेती."

सोनुबाईंनी फक्त हिरूकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर हिरूला बरं वाटलं असतं.

कारण बोट घेतली होती ती त्याच्या शब्दावर. खोपोलीच्या वीजघरातला एक साहेब कायमचा विलायतेला गेला, आणि त्याची मोटारबोट बंगल्यामागच्या आंब्याखाली दोन उन्हाळे पडून राहिली. ती विकायची आहे असं कळल्यावर बाईंनी हिरूला धाडलं. "चांगली हाय का बघून ये," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. हिरू गिरणीचा इंजिन ड्रायव्हर. त्याने प्लग काढून पाहिला, ठिणगी पाहिली, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. फळ्यांवरून त्याने हातसुद्धा फिरवला नाही. बाईंना गिरणीसाठी दुसरं इंजिन हवं असणार, हे त्याने न विचारताच धरून टाकलं होतं. बोट म्हणजे त्याच्या लेखी इंजिनाचं खोकं. परत येऊन तो म्हणाला होता, "घ्या बाई. झ्याक हाय."

दोन बैलजोड्या जुंपलेल्या गाड्यावरून बोट शिळफाट्याच्या रस्त्याने गावात आली, तेव्हा तो पाना-पक्कड घेऊनच सामोरा गेला होता.

"इंजिन कवा काढू, बाई?"

"काढतूस कशाला? बोट चालवायची हाय."

"कुठं जायला?"

"जायचं कुठं नाय," बाई म्हणाल्या आणि गिरणीत जाऊन बसल्या.

तेव्हापासून हिरूचं डोकं चालेनासं झालं होतं. सोनुबाई पन्नाशीच्या. नवरा, चांगोशेठ, दोन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नव्हतं. शेठ होता तोवर बाईंना गावाने फारसं पाहिलंही नव्हतं. त्या घरची बाई पाण्यालाही बाहेर पडत नसे, आड आतल्या चौकातच होता. आता मात्र त्या रोज सकाळी बोळातून नदीकाठच्या गिरणीत येत, जात्यांवर लक्ष ठेवत, आणि दिवेलागणीच्या आत परत जात. बाई कमी बोलत, पण बोलत ते नेमकं. अशा बाईने साहेबाची हौसेची बोट घ्यावी आणि जायचं कुठं नाही म्हणावं, हे काही केल्या जुळत नव्हतं.

बोट गळल्यानंतर दोन दिवसांनी बुधाजी गिरणीत आले. इंजिनाचा पट्टा घसरू नये म्हणून हिरू त्याला राळ लावत होता.

"हिरू, तू सरळ मानूस हायेस म्हनून इचारतो. ही बोट वयनीनं कशाला घेतली रं?"

"मला ठावं नाय, मालक."

"मासं मारायचं हाय?"

"नाय."

"भात वाहायचं हाय?"

"चार पोती मावायची नाय तिच्यात."

"मंग?"

"नाय ठावं."

बुधाजींचा चेहरा खुलला. ते जवळ आले. "खालापूरच्या कचेरीत मी अर्ज दिलाय. वयनीचं डोकं ठिकानावर नाय, गिरनी नि घर माज्या ताब्यात द्या म्हनून. कारकून येईल चौकशीला. तुला इचारंल. तू काय बी खोटं सांगू नको. आता सांगितलंस तेवढंच सांग."

ते गेल्यावर हिरू पुन्हा पट्ट्याला राळ घासू लागला. खोटं सांग म्हणाले असते तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. पण ते खरंच सांग म्हणत होते. आणि खरं एवढंच होतं, की त्याला काही ठाऊक नव्हतं.

निदान बोट तरी नीट करावी म्हणून त्याने सगळ्या सांध्यांना डांबर फासलं. बोट पाण्यात लोटली. डांबराच्या कडेने पाणी येऊ लागलं. पुन्हा बाहेर काढली, चिंध्या ठासल्या, वर आणखी डांबर. या खेपेला पाणी दुसरीकडून आलं.

गिरणीच्या अंगणात कोंडी तांदूळ पाखडत बसली होती. ती खारपाड्याकडची, खाडीकाठची. तिने सूप खाली ठेवलं.

"अरं येड्या, काय चाललंय तुजं? ती सुकलीय. दोन उनाळं झाडाखाली पडलेली. फळ्या आटल्या, सांदं उघडलं. डांबर काय करनार? बुडव तिला."

"बुडवू?"

"माजा बापूस मचवा बुडवायचा. धोंडं भरायचं नि बसवायचा तळाला. लाकूड पानी पितं, फुगतं, फळी फळीला भिडती. मंग धोंडं काढायचं."

"गळती म्हनून बुडवायची?"

"गळती म्हनूनच."

हिरूला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण कोंडीने पुन्हा सूप उचललं होतं, आणि थट्टा करून झाल्यावर ती जशी इतर बायांकडे बघायची तशी बघत नव्हती. तो बाईंकडे गेला. कोंडीचं म्हणणं त्याने अडखळत सांगितलं. बाई नको म्हणतील तर सुटलो, असंही मनात होतं.

"किती दिस?" बाईंनी विचारलं.

"आठ-धा, म्हनती कोंडी."

"बुडव."

इंजिन काढून गिरणीच्या पडवीत आणलं, तेव्हा गावाला हायसं वाटलं. बाईंना इंजिनच हवं होतं तर, असं ज्याने त्याने म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी बोटीत धोंडे भरून ती घाटाखाली बुडवली, तेव्हा कुणालाच काही म्हणता येईना. बोटीचा काठ पाण्याखाली गेला तसा काठावरचा एकजण चटकन डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला, आणि मग आपण हे काय केलं असं वाटून त्याने ती पुन्हा घातली.

चौथ्या दिवशी रविवार आला. नदी तशी उन्हाळ्यातही भरलेली असे, पण ते पाणी वीजघरातून सुटायचं. मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज लागली की इथे पाणी, रविवारी त्या थांबल्या की इथे धोंडे. सकाळी हिरू घाटावर आला तर बोट चिखलात उघडी पडलेली. आतलं पाणीही सांध्यांतून निघून गेलेलं, आणि फळ्यांवर ऊन.

कोंडीने आल्या आल्या कपाळाला हात लावला. "सुकली तर सगळं मुसळ केरात. घागरी आन."

मग दोघं पात्रातल्या डबक्यातून घागरी भरून बोटीत ओतू लागली. ओतलेलं पाणी खालून निघून जाई, ते पुन्हा ओतत. दहा-वीस घागरी झाल्यावर हिरूने मागे पाहिलं. सोनुबाई पदर खोचून चिखलातून येत होत्या, कमरेवर घागर घेऊन. त्यांनी कुणाशी न बोलता घागर बोटीत रिकामी केली आणि डबक्याकडे वळल्या.

काठावर बुधाजी आणि गावातले पाच-सहाजण जमले. कुणी हसत नव्हतं. ते न हसणं हिरूला जास्त लागलं. आपण काय करतो आहोत हे त्याने मनातल्या मनात नीट मांडून पाहिलं. बोटीत पाणी येऊ नये म्हणून ती बुडवली, आणि बुडलेली बोट कोरडी पडली म्हणून आता तिच्यात पाणी भरतो आहोत. हे कारकुनाला सांगायचं कसं? त्या घटकेला त्याला कुणी विचारलं असतं, तर बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, असं तो म्हणूनही गेला असता. आणि माझंही नाही, असं पुढे जोडलं असतं.

सोमवारी नदी पुन्हा चढली.

दहाव्या दिवशी धोंडे काढले, पाणी उपसलं. बोट तरंगली. हिरू तिच्या तळाशी पालथा झोपला आणि एकेका सांध्यावरून हात फिरवत गेला. फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते नखालाही लागत नव्हतं. तासभर थांबून त्याने पुन्हा हात लावला. ओल होती, पाणी नव्हतं. कोंडी काठावरून म्हणाली, "बघ," आणि पाखडायला निघून गेली. इंजिन पुन्हा बसवायला त्याला दोन दिवस लागले.

मंगळवारी दुपारी बाई बोटीत बसल्या. पुढच्या फळीवर, हिरूकडे पाठ करून, दोन्ही हातांनी काठ धरून. हिरूने हँडल मारलं. बोट घाटापासून सुटली आणि पाण्याच्या उलट, वरच्या अंगाला निघाली.

"कुठवर नेऊ?"

"ऱ्हाऊ दे चालू."

वळण आलं. पलीकडे नुसती दरड आणि करवंदीची जाळी होती, तिकडून माणसाला वाट नव्हती. अलीकडे काठ उंच होत गेला आणि वर एक लांबलचक पांढरी भिंत दिसू लागली.

"ते घर कुनाचं रं?" बाईंनी विचारलं.

हिरूने पुढे वाकून बाईंचा चेहरा पाहिला. त्या चेष्टा करत नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. बुधाजी म्हणाले ते खरंच आहे की काय, असं त्याच्या मनात आलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमचंच की."

बाई भिंतीकडे पाहत राहिल्या. हिरूही पाहू लागला. घराची पाठ होती ही. पोहायला येणाऱ्या गड्यांना ती माहीत होती, त्यालाही लहानपणापासून माहीत होती. मग त्याच्या ध्यानात आलं, की बाई लग्न होऊन पुढच्या दाराने आत गेल्या, गिरणीत येतात त्याही पुढच्या दाराने आणि बोळाने. इथे, या पाण्यावर, त्या कशाला आणि कशा येणार?

"हळू कर जरा."

त्याने वेग कमी केला. इंजिन पुढे रेटत होतं आणि पाणी तितकंच मागे लोटत होतं, त्यामुळे बोट घरासमोर एका जागी उभी राहिली.

"साहेब नि त्याची मडम शनवारी इथनं जायची," बाई म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं त्याला कसंबसं ऐकू येत होतं. "मी आतनं, खिडकीतनं बघायची. इथं आली की मडम हात वर करून साहेबाला काय तरी दाखवायची. दर बारीला. आपल्या घराकडंच. मी म्हनायची, काय दिसत आसंल तिला? कौलावर झाड उगवलंय, का माकड बसलंय? ह्यांना इचारलं तर हसले. म्हनाले, तुला काय करायचंय?"

हिरूने कौलांकडे पाहिलं. झाड नव्हतं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती. दार नाही, कोनाडा नाही. मधोमध, उंचावर, हातभर रुंदीची एक गजांची खिडकी तेवढी होती.

"एकच खिडकी हाय," बाई म्हणाल्या. "नि तिच्यात मीच आसायची."

"व्हय."

मग बाईंनी उजवा हात काठावरून सोडला आणि वर उचलला. तो खांद्याच्या वर गेला, क्षणभर तिथेच थांबला. मग पदरच सावरायचा होता असं दाखवत त्यांनी तो खाली घेतला.

"फिरव आता," त्या म्हणाल्या.

बोट घाटाला लागली तेव्हा बुधाजी तिथे उभे होते, आणि त्यांच्या शेजारी काळा कोट घातलेला खालापूरचा कारकून, हातात वही घेऊन. बाई उतरल्या, दोघांना नमस्कार केला आणि गिरणीच्या पायऱ्या चढून गेल्या. कारकुनाने त्यांना थांबवलं नाही. तो हिरूकडे वळला.

"इंजिन ड्रायव्हर तूच का? ही बोट बाईंनी कशासाठी घेतली, ते तुला माहीत आहे?"

"त्याला कायबी ठावं नाय," बुधाजी म्हणाले. "मला सोता म्हनलाय तसं."

"तवा ठावं नव्हतं," हिरू म्हणाला.

"मग आत्ता कशाला गेला होतात?"

"घर बघायला."

कारकुनाने वहीतून मान वर केली. "घर? बोटीतून?"

"तिकडनंच दिसतं."

"कुणाचं घर?"

बुधाजींनी तोंड उघडलं होतं. हिरू हातातल्या चिंधीने बोटांचं तेल पुसत होता. एकेक बोट पुसून झाल्यावर त्याने चिंधी खांद्यावर टाकली.

"बाईंचं," तो म्हणाला.

कारकुनाने ते लिहून घेतलं.