तापाने केस नेले, आळ माझ्यावर आला

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे, आणि माझ्यावर एकदा केस उपटल्याचा आळ आला होता.

आइतुताकी बेटावर कावाना जन्मला त्याच आठवड्यात त्याच्या तेइना आजोबांनी मला मिरो झाडाच्या तांबूस फांदीतून कोरले. खोबरेल तेलात बुडवले, उन्हात ठेवले, पुन्हा बुडवले. माझे दात मुद्दाम विरळ आणि टोकाला गोल ठेवले, कारण मी ज्या डोक्यासाठी होतो तिथे बरीच वर्षे कात्री लागणार नव्हती. आमच्याकडे थोरल्या मुलाचे जावळ काढत नाहीत. केस वाढू देतात आणि मग एक दिवस मोठा सोहळा करतात. सगळ्या केसांच्या बटा करून प्रत्येकीला फीत बांधतात. एकेक पाहुणा येतो, एकेक बट कापतो, आहेर ठेवतो आणि बट जपून घरी नेतो.

कावाना दहा वर्षांचा होईपर्यंत केस कमरेखाली पोचले. बंदरावर एखादी अनोळखी बाई "किती गोड मुलगी!" म्हणायची आणि तो लांबवर थुंकून तिची समजूत बदलायचा. रोज सकाळी त्याची आई तेपाएरू ओसरीवर बसून मला त्या केसांतून फिरवायची. लोक केसांचे कौतुक करायचे. त्यातले निम्मे मी माझ्याकडे ठेवायचो.

पावसाळ्यात गावात डेंगीची साथ आली. कावानाला आठवडाभर सणसणून ताप भरला, हाडे दुखली, अंगावर पुरळ उठले. मग तो बरा झाला, आंब्यावर चढला, आणि ताप सगळेच विसरले. जुलैत सोहळा ठरला. ऑकलंडच्या नातेवाइकांनी विमानाची तिकिटे काढली.

आणि तापानंतर तीनेक महिन्यांनी, एका सकाळी, माझ्या दातांत मूठभर केस आले.

"आई, माझे केस पडतायत."

"पडत नाहीत, हा ओढतोय," तेपाएरूने मला उन्हात धरून पाहिले. "दात खरबरीत झालेत याचे."

"मी तुला आधीच म्हटलं होतं," तिची थोरली बहीण आकाइती स्वयंपाकघरातून म्हणाली. आकाइती मावशी सगळेच आधी म्हणून ठेवते. "दुकानात गुलाबी मिळतो. तो आण."

गुलाबी प्लास्टिकचा आला आणि माझी बदली गोठ्यामागच्या डुकरिणीची पाठ खाजवण्याच्या कामावर झाली. ती डोळे मिटून घ्यायची. तिची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. तिकडे दोन दिवसांत गुलाबीही केसांनी भरला आणि त्यालाही बोलणी बसली.

"पाहुणे काय विमानाने नुसत्या फिती कापायला येणार?" तेपाएरू रडवेली झाली. "सगळ्या बेटासमोर नाक कापलं जाईल."

"टोपी," मावशी म्हणाली. "पडलेले केस मी जमवून ठेवलेत. माझ्या विणलेल्या टोपीला आतून बटा शिवू आणि ती त्याला घालून बसवू."

"आणि कुणी टोपीच कापली तर?"

"माझी टोपी आहे. मी नजर ठेवीन."

कावाना गोठ्यामागे येऊन डुकरिणीजवळ बसला. "मी टकला होणार का गं?" असे त्याने तिला विचारले. ती नुसतीच घुरघुरली. मग त्याने मला उचलून चड्डीच्या मागच्या खिशात घातले. त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकलेले आहे.

मावशीचा रक्तदाब तपासायला नर्स तुआइने आली तेव्हा टोपीची तालीम चालू होती.

"हे काय?"

"काही नाही," मावशी म्हणाली.

"काही नाही इतकं लांब नसतं," म्हणत तुआइनेने टोपी उतरवली, विरळ भांग पाहिला आणि कावानाचे हात उजेडात धरले. प्रत्येक नखावर एक आडवा चर होता, सगळीकडे साधारण एकाच उंचीवर.

"दारात चेमटली असतील बोटं," मावशी म्हणाली.

"दहाही? एकदम?"

मावशी टोपीचे टाके मोजू लागली.

"तापात शरीर आपली सगळी ताकद लढण्यात घालतं," तुआइने म्हणाली. "नखांची वाढ थबकते, त्याची ही खूण. ती हळूहळू पुढे सरकून निघून जाईल. केसांची मुळंही तेव्हाच विश्रांतीला गेली. अशी मुळं दोन-तीन महिन्यांनी जुने केस सोडतात. कावाना, विंचरताना दुखतं का?"

"नाही."

"मग कुणी उपटत नाहीये. सुटायचे ते सुटतायत. आणि हे बघ." तिने भांग फाकवला. तिथे बोटाच्या पेराएवढे नवे केस गवतासारखे ताठ उभे होते.

"मग सोहळा पुढच्या वर्षी करू," तेपाएरू म्हणाली.

"नको," कावाना म्हणाला. "तिकिटं काढलीत त्यांनी. आहेत तेवढेच कापा. पडलेले लावू नका."

"बटा दोऱ्यासारख्या दिसतील रे."

"मी सांगेन त्यांना."

सोहळ्याच्या दिवशी गोधडी घातलेल्या खुर्चीत बसून त्याने खरेच सांगितले, "मला ताप आला होता, म्हणून बटा बारीक आहेत." मग ऑकलंडचे चुलत आजोबा उठले. त्यांच्या डोक्यावर ऊन चकाकत होते.

"मला सगळ्यात बारीक दे," ते म्हणाले. "माझा ताप तीस वर्षं झाली, अजून उतरला नाहीये."

मांडव हसला आणि कात्री चालू लागली. बटा संपल्या तेव्हा फक्त आईची पाळी राहिली होती. कावानाच्या डोक्यावर आता तापानंतर उगवलेले तेवढेच केस होते. आखूड म्हणून त्यांना फीत बसलीच नव्हती. मावशीची नजर टोपीकडे गेली.

तेपाएरूने कात्री खाली ठेवली आणि कावानापुढे हात केला. त्याने खिशातून मला काढून दिले.

"हे माझे," ती म्हणाली. "हे कापायचे नाहीत."

तिने मला त्या केसांवरून एकदाच फिरवले. गुंता नव्हता, काम काहीच नव्हते. माझ्या अंगाला अजून डुकरिणीचा वास येत होता.

म्हणून मित्रांनो, तापानंतर काही महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरून जाऊ नका. नखे पाहा, दवाखान्यात दाखवा, हलक्या हाताने विंचरा आणि थोडा धीर धरा. कंगव्याला दोष द्यायचाच असेल तर आधी नीट चौकशी करा. आणि डुकरिणीकडून त्याला परत बोलावलेत, तर निदान एकदा धुवा.