दांडीतलं हसू

मित्रांनो, मी एक जुना वाइनग्लास आहे. म्हणजे परवापर्यंत होतो, आता माझे दोन तुकडे आहेत. तरी सांगेन ते खरंच सांगेन. काचेला खोटं पचत नाही, पोटातलं सगळं बाहेरून दिसतं.

माझा जन्म भट्टीपुढचा. कारागीर लांब नळीतून फुंकर घालून मला फुगवत होता, तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. त्याचे गाल बघून म्हणाली, "सकाळी रुसले मी, आणि गाल फुगवून तुम्ही बसलात होय?"

तो नळीतच हसला. त्या हसण्याचा मुगाएवढा बुडबुडा माझ्या दांडीत अडकला तो कायमचा.

मी निवाल्यावर मुकादमाने मला उजेडात धरलं. "खोट आहे. फोडून परत भट्टीत टाक."

"टाकून तर बघा," बायको म्हणाली आणि डब्याच्या फडक्यात गुंडाळून मला घरी घेऊन गेली.

नावात वाइन असली तरी त्या घरात मला तिचं दर्शन कधी झालं नाही. कारागीर गेला, तेव्हापासून त्याची म्हातारी माझ्यातून खोकल्याचं औषध घ्यायची. रोज मला खिडकीशी धरून बुडबुड्याला म्हणायची, "हसा, हसा. तुमचं काय जातंय."

परवा ती अंथरुणाला खिळली म्हणून मुलगी आली. गुणाची पोर. तळाशी औषध चिकटलेलं दिसलं, तर तिने माझ्यावर उकळतं पाणी ओतलं. टक्क. दांडी नेमकी बुडबुड्यावर तुटली.

"आई, चुकलं गं माझं. नवीन आणते, सहाचा सेट आणते."

"इकडे दे. आणि जरा गप्प बस."

म्हातारीने तुटकी दांडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. जिला खोकला एक वाक्य पुरं करू देत नव्हता, तिने तो श्वास धरून ठेवला. मुलगी घाबरून तिची पाठ चोळू लागली. "आई, सोड. सोड ना गं."

शेवटी सोडावाच लागला.

आतलं हसू तर ओट्यावरच वाफेबरोबर निघून गेलं होतं. मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहून खोटं बोललो.

म्हणून एवढंच मागणं, मित्रांनो. जुन्या काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, आधी कोमट घाला. आणि त्याहीआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आत कोण आहे.