मोहाच्या झाडाखालची टिकल्यांची बंदूक

मी एक टिकल्यांची बंदूक आहे आणि मित्रांनो, आज मी जाम चिडलेली आहे. मला छपराच्या वाशात खोचून ठेवलंय. का, ते ऐका.

कारखान्यात मला काळ्या प्लास्टिकची बनवली. नळीच्या टोकाला मात्र लाल रंग दिला, लांबूनही खेळणं ओळखू यावं म्हणून. मार्कंड्याच्या जत्रेत पत्रूने मला त्याच्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, रीनासाठी घेतलं. माकडं मोहफुलं खातात ना, त्यांना हाकलायला! घरी येताच या शहाण्याने माझ्या लाल टोकाला काळा रंग फासला.

"काऊन जी? लालच बेस होतं," त्याची बायको सोमारी म्हणाली.

"खरी वाटली पाह्यजे, तवाच माकडं भेतीन."

डोंबल! माकडं आवाजाला पळतात, रंगाला नाही. पण पत्रूला कोण सांगणार? रीना मात्र मला उशाशी घेऊन झोपायची. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

एका सकाळी आईबाप मोहफुलं वेचत होते. रीना पायवाटेजवळ राखणीला बसली होती. माकड दिसलं, तिने टिकली फोडली. नेमकी तेव्हाच नक्षलवाद्यांच्या शोधात निघालेली पोलिसांची गस्त तिथून येत होती. आवाजासरशी जवान जमिनीवर आडवे झाले. सात बंदुका रीनाकडे वळल्या. खऱ्या! आणि ही वेडी पोर हसली हो. तिला वाटलं, पोलीसही खेळायलाच आले. तिने मला त्यांच्यावर रोखलं.

"खाली टाक!" एक जवान ओरडला.

मला पाय असते तर मीच उडी मारली असती. तेवढ्यात टोपली फेकून सोमारी मध्ये धावली. "नोका मारू जी! खेळनं आहे! पोर आहे माही!"

कुणी गोळी झाडली नाही. त्या जवानाने मला उचललं, टिकल्या पाहिल्या आणि नळीचं टोक नखाने खरवडलं, तर खालून लाल निघालं. "भाऊ, हिला काळा रंग कुणी दिला?" त्याने विचारलं. पत्रूने मान खाली घातली.

तेव्हापासून कुठे दार आपटलं तरी रीना दोन्ही हात वर करून उभी राहते. जेवतानासुद्धा.

सोमारी मला चुलीत घालत होती. पत्रूने काढून घेतलं. "राहू दे, लहान्या चंदनले कामी येईन." आणि तिच्या नकळत मला वाशात खोचलं.

अरे, लाज कशी वाटत नाही तुला? एका लेकराचं एवढं झालं, आता तिच्या धाकट्या भावाच्या हातात देणार?

मित्रांनो, चंदन आता छपराकडे बोट दाखवायला लागलाय. कुणीतरी सोमारीला एवढं सांगा, मी दाराच्या वरच्या वाशात आहे. चूल पेटलेलीच आहे.