शिट्टी थांबली की हात वर

परत आलेले स्पीकर टेबलावर मांडून झाले, तेव्हा मालकाची सून म्हणाली, "मावशी, एकदा तुम्ही ऐकून बघता का?"

मावशी, म्हणजे कारखान्याची कानवाली, जागची उठली नाही. हातातल्या पुठ्ठ्याची घडी तिने अंगठ्याने दाबली, वर टेप ओढली, कापली आणि मगच मान वर केली. माझे कान म्हातारे झालेत असे या कारखान्यात ठरलेय, ती म्हणाली, मालकांना विचारा, त्यांना सगळे ऐकू येते. सुनेला त्या बोलण्यातली मिरची लागली, पण ती गिळून उभी राहिली. करते काय? एकशे चाळीस जोड्या परत आल्या होत्या. संगणकाशेजारी ठेवायचे मुठीएवढे स्पीकर, आणि सगळ्यांची तक्रार एकच: आवाज वाढवला की फाटक्या ओठांनी बोलतात. मोठा खरेदीदार अजून एकच खेप बघणार होता. तीही अशीच निघाली, तर तो दुसरे दार ठोठावणार होता.

कानवाली या दिवसाची आठ महिने वाट पाहत होती.

भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका लहानशा खोलीत बसून तिने एकोणीस वर्षे स्पीकर ऐकले होते. तयार झालेली प्रत्येक जोडी आधी तिच्यापुढे यायची. यंत्रातून शिट्टी निघायची: आधी बैलाच्या हुंकारासारखी जाड, मग चढत चढत बासरी, मग सुई, मग सुईचे टोक. त्या चढणीवर कुठे खडा लागला की तिला कळायचे. खरखर आली तर कागदी कोनाची कड सुटलीय. फुसफुस आली तर स्पीकरच्या पेटीला फट. थरथर आली तर स्क्रू ढिला. नव्या मुलींना ती सांगायची, लहान स्पीकर म्हणजे लहान चणीचे माणूस. त्याच्याकडून पहाड फोडायची अपेक्षा करू नये, पण बोलेल तेवढे स्वच्छ बोलले पाहिजे. तापल्या कथलाने तारांना डाग देणारी तिची मैत्रीण सगळ्यांना सांगत सुटायची, "हिला चपलेच्या आवाजावरून कळतं, नवरा भांडून आलाय की भांडायला आलाय."

मग तपासणीचे नवे यंत्र आले. त्याला कान होता, आणि खोलीत दोन कानांना जागा नव्हती. एका सकाळी मालकांनी सगळ्यांना आत बोलावले, तिला स्टुलावर बसवले. "शिट्टी थांबली की हात वर करा, बाई."

शिट्टी चढली, सुई झाली, टोक झाली आणि नाहीशी झाली. कानवालीने इमानदारीत हात वर केला. मागून डबे भरणाऱ्या मुली कुजबुजल्या, अजून येतेय की. मालक तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे, पण मान कलती करून तेही म्हणाले, मला अजून येतेय. यंत्राचा काटा शेवटाला टेकला, तेव्हा कुठे त्यांचा हात वर गेला.

"तुमचे कान म्हातारे झाले, बाई," मालक म्हणाले. "यात लाज कसली."

वाक्य लोण्यासारखे मऊ होते. दगडासारखे असते तर तिने परत तरी फेकले असते. मागे कोणीतरी हसले. दुसऱ्या दिवसापासून ती डबे भरू लागली.

खोटारडा. काटा बघून हात वर करतो, तिने त्याच रात्री नवऱ्याला सांगितले. नवरा म्हणाला, असू दे. तिने असू दिले नाही. भाकड गाईला दावणीला बांधावे तसे तिला डबे भरायच्या टेबलाला बांधले होते, आणि तिथे बसून ती राग पोसत होती, लेकरू पोसावे तसा, वेळच्या वेळी. यंत्राने पास केलेला स्पीकर हातात आला की ती बोटाच्या पेराने टकटक करायची. पोकळ उत्तर आले की समजायचे, हा फाटणार. मग त्याला ती अगदी प्रेमाने डब्यात निजवायची, अंगावर कागद घालायची आणि टेप लावायची. जा बाळा, परत येशील.

आले होते. सगळे परत आले होते.

"ऐकते," कानवाली आता म्हणाली. "पण सगळ्यांसमोर. आणि मालक शेजारी बसतील."

दुपारी गाद्यांच्या खोलीचे दार उघडे ठेवून सगळे जमले. कानवालीने परत आलेला एक स्पीकर घेतला आणि बातम्या वाचणाऱ्या माणसाचा आवाज लावला. हळू होता तोवर तो शहाण्यासारखा बोलला. तिने आवाज वाढवला, तसा त्याचा ओठ फाटला. यंत्र हळू आवाजात ऐकते म्हणून त्याला हे कळत नाही, ती म्हणाली, आणि आवाज हळू ठेवायला कोणी सांगितलेय ते विचारा. सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. मोठा आवाज डोक्यात जातो, मालक म्हणाले, एवढ्याशा वस्तूला किंचाळायला लावायचे कशाला.

कानवालीने कोनाच्या कडेवर बोट ठेवले, हलकेच उचलले. कड वाळल्या पापुद्र्यासारखी सुटून आली. डिंक नुसता टेकवला होता.

"माणसाचा आवाज मधल्या भागात राहतो, सूनबाई," ती म्हणाली. "वरचं टोक मला ऐकू येत नाही, खरंय. पण टोक गेलं तरी माणूस राहतो. मधलंच फाटलं तर काय राहिलं?"

सूनबाईने ती सुटलेली कड स्वतः बोटाने उचलून पाहिली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, उद्यापासून मावशी इथेच बसतील, यंत्राच्या आधी. मालकांनी मान हलवली, नाही म्हटले नाही.

मिळायचे ते सगळे मिळाले होते. डाग देणारीने दारातून डोळे मोठे केले: बास, आता ऊठ.

"एक राहिलं," कानवाली म्हणाली. "मालकांचीही तपासणी घेऊ या."

लोक हसले. मालकही हसले, स्टुलावर सरकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तिने यंत्राचे तोंड भिंतीकडे फिरवले, काटा दिसू नये म्हणून. "शिट्टी थांबली की हात वर करा, मालक."

त्यांनी डोळे मिटले. बैल हुंकारला, बासरी झाली, सुई झाली. पुढचे तिला ऐकू येईना, तेव्हा ती मुलींच्या चेहऱ्यांवर शिट्टी बघू लागली. त्यांच्या कपाळांना बारीक आठ्या पडल्या, तेव्हा तिने स्पीकरच्या मागून तार उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

आठ्या मिटल्या. मालकांचे हात गुडघ्यांवरच.

"येतेय," ते म्हणाले. "बारीक आहे, पण येतेय."

कोणाला तरी हसू आवरेना, त्याने तोंडावर रुमाल धरला. कानवाली थांबली. भांडी घासताना, वेणी घालताना, आठ महिने तिने एक वाक्य घोळवून घोळवून गुळगुळीत केले होते. आता ते तिने तितक्याच मऊपणे ठेवले.

"तुमचे कान म्हातारे झाले, मालक. यात लाज कसली."

खोली हसली. मालकांनी डोळे उघडले. चिडतील, लाल होतील, उठून जातील, हे सगळे तिने आधीच मनात पाहून ठेवले होते. ते चिडले नाहीत. त्यांनी तार पाहिली, स्पीकर पाहिला, पुन्हा तार पाहिली.

"कधी काढलीत?"

"झालं मिनिटभर."

"मग ही कुठली वाजतेय?"

आणखी एकजण हसला आणि एकटा पडून थांबला. छत कुठे गळतेय असे विचारावे तसे मालकांनी विचारले होते. सुनेने जवळ येऊन विचारले, "बाबा, कधीपासून?"

"ही तर असतेच. घरीही असते." ते जरा आठवून बोलले. "मला वाटायचं, सगळ्यांनाच असेल. इतकी वर्षं शिट्ट्यांत गेली."

कानवालीला खोटारडा हवा होता. एकोणीस वर्षे ज्या कानांनी तिने फटी शोधल्या, त्याच कानांनी तिने आता या आवाजातही फट शोधली. सापडली नाही.

मालक स्टुलावरून उतरले. टेबलावरच्या दुसऱ्या स्पीकरची तार त्यांनी काढली, कान लावला. तिसऱ्याची काढली. मग भिंतीपाशी जाऊन यंत्राचे बटण बंद केले आणि थांबून पाहिले. पंखा बंद केला. दिवा बंद केला. कोणी त्यांना अडवले नाही. दारातून येणाऱ्या उजेडात ते खोलीच्या मधोमध मान कलती करून उभे राहिले, आणि त्यांचा उजवा हात वर जायच्या तयारीत छातीपाशी थांबून राहिला.