ढवळणी थांबली तेव्हा

गोंदाच्या कारखान्यात थोरली सून येऊन आठच महिने झाले होते, पण तेवढ्यात तिने 'का?' विचारून विचारून सासऱ्यांचं डोकं खाल्लं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मधोमध माणसाच्या उंचीची, दुहेरी भिंतीची स्टीलची टाकी. दोन भिंतींच्या मधून गरज पडेल तसं गरम किंवा गार पाणी सोडायचं आणि आत सुतारकामाचा पांढरा गोंद शिजवायचा. सासरे तीस वर्षं हे काम नाकाने आणि कानाने करत आले होते. हवा गार असली की गोंद व्हायला वेळ लागतो, हे त्यांना पाठ होतं. का लागतो, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

सुनेने विचारलं, आणि मग स्वतःच सांगितलं. कण एकमेकांवर आदळले तरच नवा पदार्थ तयार होतो. ऊब वाढली की ते जोरात आदळतात. दहा अंश चढले की वेग जवळजवळ दुप्पट. सासूबाई म्हणाल्या, घरातही तसंच आहे, हे तापले की सगळ्यांची धावपळ दुप्पट होते. सासरे तोंड वाकडं करून हसले, पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने तापमान लिहायला लागले.

एका दुपारी टाकीतल्या ढवळणीचा पट्टा सुटला. टाकीत गरम पाणी होतं, त्यात क्रिया सुरू करणारी पावडर होती, आणि वरच्या पिंपातून उग्र वासाचं पातळ रसायन थेंबथेंब पडत होतं. चार तास असंच सावकाश पडायचं, आणि ढवळणीने ते लगेच पाण्यात मिसळत राहायचं. धाकट्या मुलाने पट्टा बसवण्यात अर्धा तास घालवला. त्या गडबडीत पिंपाचा नळ बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

सासरे शेडमध्ये शिरले तेव्हा मुलाचा हात स्विचवर होता. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सून धावत आली.

"भावजी, स्विच दाबू नका."

तिने आधी नळ बंद केला. मुलगा म्हणाला, "वहिनी, उलट तापमान उतरलंय. आत काहीच होत नाहीये."

"त्याचीच तर भीती आहे." तिने टाकीच्या काचेतून आत बघितलं आणि सासऱ्यांना बघायला लावलं. पाण्यावर रसायनाचा चार बोटं जाडीचा थर तरंगत होता. "ह्याची आणि पाण्याची गाठच पडत नाहीये, म्हणून शांत आहे. ढवळलं की अर्ध्या तासाचं काम एका मिनिटात होईल. एवढी उष्णता जाणार कुठे?"

तिने सगळ्यांना बाहेर काढलं, गरम पाणी तोडलं, गार पाणी पूर्ण सोडलं. मग दोन तास नुसतं थांबणं. टाकी पुरती निवल्यावर तिने ढवळणी दोन सेकंद फिरवली आणि बंद केली. काटा तीन अंश चढला, उतरला. पुन्हा दोन सेकंद. सासरे दारातून बघत होते. एवढ्या धीराने कुणाला काम करताना त्यांनी पाहिलं नव्हतं. स्वतःला तर नाहीच. संध्याकाळपर्यंत टाकीत नुसता गुठळ्यांचा लगदा उरला. माल वाया गेला, पण एवढ्यावर निभावलं.

सून हात धुऊन आली तेव्हा सासरे बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि जे सांगितलं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी जुन्या शेडमध्ये वीज जाऊन अशीच ढवळणी थांबली होती. वीज आल्यावर त्यांनी बटण दाबलं. टाकीचं झाकण उडालं. थोरला भाऊ जवळ उभा होता, त्याचे दोन्ही हात भाजले. बटण कुणी दाबलं, हे त्याने कधी विचारलं नाही आणि ह्यांनी कधी सांगितलं नाही.

"तेव्हा थेंब चालू होते?" सुनेने विचारलं.

"चालूच होते."

"मग हेच झालं असणार, बाबा." तिने ओले हात पुसले. "तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

तिने उगाच समजूत घातली नाही, ह्याचं त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन भावाकडे गेले. आधी बटणाचं सांगून टाकलं. मग सुनेने पेल्यात पाणी आणि तेल घेऊन सगळं दाखवलं. भावाने आखडलेल्या बोटांनी पेला जवळ ओढला, बराच वेळ पाहिला.

"त्या दिवशी झाकणाचे बोल्ट मी आवळले होते," तो म्हणाला. "मला आजवर वाटायचं, ढिले राहिले."

"किती का आवळलेले असेनात, मोठे काका, झाकण थांबलं नसतं."

सासऱ्यांनी भावाकडे बघितलं. दोघांनी बावीस वर्षं एकच ओझं वेगवेगळ्या घरांत वाहिलं होतं. भावाने आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, आणि ती येईपर्यंत पेला सुनेपुढे सरकवला.

"हिलाही सांग, बाळ. पहिल्यापासून सांग."