काचेवरून निसटलेला किनारा

दगड घासणारी चकती थांबली होती, आणि तिच्या थांबण्यातून एक अस्वस्थ नीरवता प्रयोगशाळेभर झिरपत होती. माघातली दुपार खिडकीशी उभी होती. पिवळी, पातळ, धूलिकणांनी थरथरणारी.

श्रीरंगच्या बोटांत काचपट्टी होती. काचपट्टीवर काही नव्हते. दारात हेमांगी उभी होती. त्याची पत्नी, त्याच्याइतकीच दगडांची वेडी.

थोड्या वेळापूर्वी त्या काचेवर एक किनारा होता.

पृथ्वी तेव्हा नुकती निवली होती. ज्वालावसना, भस्मगंधा, एकाकिनी पृथ्वी. युगानुयुगे तिच्यावर बाष्प कोसळले, आणि खोलगट जागांत समुद्र साचले. निर्मत्स्य, निःशैवल, नुसते खारे समुद्र. मग कुठल्याशा उथळ काठावर एक बुळबुळीत साय धरली. तिला डोळे नव्हते, तरी ती उजेडाकडे सरकली. गाळ तिच्यावर बसला; ती गाळातून वर आली. पुन्हा गाळ, पुन्हा ती. थरावर थर, श्वासावर श्वास. त्या श्वासांनीच पुढे आकाश निळे झाले.

वर्धेकाठच्या चुनखडीत हेमांगीला ते थर दिसले होते. जाणत्यांनी हसून म्हटले होते, ही गाळाची नुसती नक्षी. मग ती चुनखडीची टेकडी खाणीत गेली, चुन्याच्या भट्टीत गेली. आदिजीवांची ती वसाहत कुणाच्या भिंतींचा गिलावा झाली. उरला होता त्या दगडाचा एक काप, आणि कापाच्या कडेला केसाएवढ्या काळ्या तंतूंची रांग. नक्षी नव्हे, जीव होता, याची तीच साक्ष.

असा काप काचेवर चिकटवून घासायचा असतो, हळूहळू, दगडातून उजेड आरपार जाईपर्यंत. तिथे हात थांबवायचा. निमिषभर अधिक, आणि दगडच उरत नाही. श्रीरंगच्या हाताला हे ठाऊक होते. आज हाताला आणखी थोडा उजेड हवासा झाला.

"मी येईपर्यंत हात लावू नकोस म्हटलं होतं."

"तू आलीस की तयार दिसावं, एवढंच होतं मनात." तो ओशाळून हसला. "रोज म्हणतेस ना, लग्नाला इतकी वर्षं झाली, एक वस्तू वेळेवर आणून दिली नाहीस."

तिने काचपट्टी घेतली, खिडकीशी धरली. सगळे ऊन तिच्यातून आले. अडवायला कुणी नव्हते. ज्याला ज्वालामुखींनी पुसले नाही, ज्याच्यावरून पर्वत उगवले आणि झिजून गेले, ते एका माणसाच्या प्रेमळ घाईत, तळहाताएवढ्या चकतीवर, दुधाळ पाणी होऊन मोरीत वाहून गेले होते.

"शेवटी शेवटी ते तंतू इतके स्वच्छ दिसत होते, हेमा," तो म्हणाला. "तू असतीस तर—"

तो थांबला. ती नव्हती. ते अतिप्राचीन, अतिकोमल दर्शन एकट्या त्याला घडले होते, आणि तेवढ्यासाठीच त्याने हात थांबवला नव्हता.

तिने काचपट्टी टेबलावर ठेवली. अलगद, जणू अजून काही मोडण्यासारखे उरले होते.

"हेमा, दुसरा मिळेल ना गं कुठे?"

ती वळली. व्हरांड्यातल्या उन्हातून, सावलीतून, पुन्हा उन्हातून चालत गेली, आणि वळणापाशी दिसेनाशी झाली. प्रश्न मागे राहिला. पहिल्या समुद्राची पहिली लाट फुटली तेव्हाच्या आवाजासारखा, ऐकणारा कान अजून जन्मायचा होता, तेव्हाचा.