खोडलेले दहा बिंदू

रुग्णालयाच्या धुलाईघरात बाईंनी सोळा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. गेले आठ महिने त्या बॉयलरवर मदतनीस होत्या. तिथे कायम व्हायचं, तर मोठ्या साहेबांनी सांगितलेलं एक काम पार पाडायला हवं होतं. डिझेलची नवी टाकी आली होती, तिचा आलेख काढायचा. टाकीत मापाची पट्टी उभी बुडवायची, ओल किती सेंटिमीटरपर्यंत आली ते पाहायचं आणि आलेखावरून आत किती लिटर आहे ते सांगायचं. आलेख जमला तर बॉयलर, नाहीतर पुन्हा घड्या.

बाईंची शाळा नववीत सुटली होती. घरात धाकटा दीर आठवीला गणित शिकवायचा. त्याने आठवडाभर रोज संध्याकाळी शिकवणी घेतली. फलन म्हणजे एक आकडा आत घातला की एकच उत्तर बाहेर येतं, असं त्याने सांगितलं. दोन आकड्यांचं उत्तर एकच आलं तर चालतं, पण एका आकड्याला दोन उत्तरं चालत नाहीत.

“म्हणजे सुनेला सासू एकच, सासूला सुना कितीही,” बाई म्हणाल्या.

“वहिनी, हे मी उद्या वर्गात सांगणार.”

“सांगा भावोजी. फक्त आईंच्या कानावर जाऊ देऊ नका.”

टाकी म्हणजे आडवं ठेवलेलं मोठं पिंप होतं, एकशेवीस सेंटिमीटर उंच, बाराशे लिटरचं. पहिल्यांदा भरताना दर शंभर लिटरला बाईंनी टँकर थांबवला, पट्टी बुडवली, पाहिली, पुसली आणि आकडा वहीत टिपला. असं बारा वेळा. टाकी भरताय की बाळाला चमच्याने दूध पाजताय, असं टँकरवाल्याने विचारलं. बाई सातवा आकडा लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

घरी कागदावर बारा बिंदू मांडले तर ते काही सरळ येईनात. पहिल्या शंभर लिटरनी पातळी साडेसोळा सेंटिमीटर चढली होती, दुसऱ्या शंभरांनी दहा, मधल्यांनी जेमतेम आठ-आठ आणि शेवटच्या शंभरांनी पुन्हा साडेसोळा. दिराने कागद पाहिला आणि मान हलवली. डिझेल तेच, टाकी तीच, मग दर शंभरांना पातळी सारखीच चढायला हवी, असं त्याचं म्हणणं पडलं. सहाशेला साठ आणि बाराशेला एकशेवीस हे दोन बिंदू बरोबर होते. बाकीच्या वेळी वहिनींचा हात हलला असणार.

हात हलला नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. पण पंधरा वर्षं शिकवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी खोडरबर घेतलं. दहा बिंदू गेले. उरलेल्या दोनांमधून दिराने फूटपट्टीने रेघ मारून दिली. साहेबांना कागद आवडला. स्वच्छ काम आहे, म्हणाले, आणि नेमणुकीचा अर्ज सहीसाठी बाजूला ठेवला.

गुरुवारी सकाळी टाकीच्या समोरच्या गोल बाजूवर खुणा रंगवायच्या होत्या. बाईंनी आधी खडूने दर दहा सेंटिमीटरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या रेघा मारल्या. दहाची रेघ तीन वितींत संपली, साठची साडेपाच विती भरली. बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. तळाशी टाकी अरुंद, मध्ये रुंद. अरुंद जागेत थोडं ओतलं तरी पातळी भराभर चढणार. तिच्यात सगळीकडे सारखं डिझेल मावेलच कसं? खोडलेले बिंदू हेच तर सांगत होते.

त्या आत आल्या तेव्हा दहा वाजले होते. फोरमनने नुकतीच पट्टी बुडवली होती, वीस सेंटिमीटर. त्यांच्याच आलेखावरून त्याने दोनशे लिटर काढले होते. तासाला पंचवीस जळतं, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत चिंता नाही, म्हणून दुपारचा टँकर त्याने उद्यावर ढकलला होता. बाईंनी वही उघडली. साडेसोळाला शंभर, सत्तावीसच्या जरा खाली दोनशे. वीसला एकशेतीसच्या आसपास. बॉयलर तीनलाच विझणार होता, आणि शस्त्रक्रियेचे कपडे वाफेला जायचे होते चारला.

डिझेलमध्ये कचरा दिसतोय, असं सांगितलं असतं तरी टँकर आला असता. आलेख तसाच राहिला असता आणि अर्जावर सहीही झाली असती. साहेबांच्या दारापर्यंत बाई त्याचाच विचार करत होत्या.

“साहेब, माझा आलेख चुकलाय,” त्या म्हणाल्या. “टाकीत दोनशे नाहीत, एकशेतीस आहेत.”

साहेबांनी आधी टँकरला फोन केला. मग कागद खिडकीकडे धरला. पेन्सिलीचे दहा व्रण दिसत होते.

“हे कुणी खोडले?”

दिराचं नाव जिभेवर आलं होतं. “मी.”

“का?”

“रेघेत बसत नव्हते.”

साहेबांनी पेन्सिल पुढे केली. बाईंनी वहीतून दहाही बिंदू परत मांडले आणि हातानेच जोडले. रेघ तळाशी आणि माथ्याशी वळली. आत्ता सही नाही, साहेब म्हणाले. आधी टाकी काय म्हणते ते त्यांना स्वतः पाहायचं होतं.

टँकर सव्वा तासात आला. बर्नर थांबवला. पट्टी बुडवली तर साडेसोळा, म्हणजे वहीप्रमाणे शंभर लिटर.

“पाचशे सोडलं तर?” साहेबांनी विचारलं. “तुमची जुनी रेघ साडेसहासष्ट सांगते.”

बाईंनी वळलेल्या रेघेवर बोट सरकवत नेलं. “साठ.”

मीटर पाचशेवर थांबला. पट्टी साहेबांनी स्वतः बुडवली, उजेडात धरली आणि ओल जिथे संपली होती तिथे अंगठ्याचं नख टेकवलं. साठ. त्यांनी खिशातून अर्ज काढला, टाकीवर ठेवूनच सही केली आणि उरलेलं डिझेल न थांबता सोडायला सांगितलं.